रिकाम्या महिन्यांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दहावीचा निकाल लागला की लातूरच्या गल्ल्यांत दरवर्षी एक दृश्य दिसतं. स्टँडवरून ऑटो येतो. त्यात गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, प्लास्टिकची बादली आणि त्या सामानात अंग चोरून बसलेले बाप-लेक. बाप खाली उतरतो, ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारतो, "मालक, खोली आहे का किरायानं?" मग दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. संध्याकाळपर्यंत कुठेतरी जमतं. बाप रात्रीच्या गाडीनं गावाकडे निघतो आणि पोरगं नव्या खोलीत पहिल्यांदा एकटं झोपतं.

याच शहरात दुसरा एक माणूस असतो. तो नुकताच निवृत्त झालेला असतो. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे खात्यात जमा झालेले असतात. आयुष्यात एवढी रक्कम एकदम पाहिलेली नसते, त्यामुळे झोप उडालेली असते. तो या बाप-लेकांकडे पाहतो आणि मनात म्हणतो, 'आपणही एखादा फ्लॅट घ्यावा, किरायानं टाकावा आणि बसून खावं.'

मी बँकेत होतो. नोकरीची तीसेक वर्षं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांत गेली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. त्यामुळे हा दुसरा माणूस आजही माझ्याकडे सल्ला विचारायला येतो. मागे असेच एक गुरुजी आले. म्हणाले, "साहेब, फ्लॅट पाहून ठेवलाय. महिन्याला नऊ हजार किराया येईल म्हणतात. घ्यावा का?" मी त्यांना एकच विचारलं, "गुरुजी, वर्षाचे महिने किती?" ते हसले. "बारा. हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो, "आणि किरायाचे महिने किती?" गुरुजी गप्प झाले.

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. किरायाच्या घराचा हिशेब भरलेल्या महिन्यांवर मांडला जातो, आणि माणूस बुडतो तो रिकाम्या महिन्यांत.

माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण सांगतो. मोठा हिशेबी माणूस. त्यानं २०१९ मध्ये लातुरात शिकवणी वर्गांच्या परिसरात दोन फ्लॅट घेतले. थोडे पैसे स्वतःचे, बाकी कर्ज. प्रत्येक फ्लॅटमध्ये मुलं ठेवली. पहिले सात-आठ महिने हप्ता किरायातून परस्पर जात होता आणि तो आम्हाला सांगायचा, "घर मुलांच्या पैशानं फिटतंय." मग मार्च २०२० आला. टाळेबंदी झाली, वर्ग बंद पडले, मुलं वह्या-पुस्तकं खोलीत टाकून गावी गेली. वर्ष उलटून गेलं तरी खोल्या भरल्या नाहीत. हप्ते काही काळ पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, पण व्याज थांबलं नाही. शेवटी त्यानं एक फ्लॅट पडत्या भावात विकला आणि दुसरा वाचवला. आज तो एवढंच म्हणतो, "मी किराया मोजला होता, कुलूप मोजलं नव्हतं."

आता कोणी म्हणेल, असं संकट शंभर वर्षांत एकदाच येतं. बरोबर आहे. पण नेहमीच्या वर्षातही कुलूप असतंच. विद्यार्थी जून-जुलैत येतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्याच्या सुमारास होते. ती झाली की बारावीचा मुलगा पेटी बांधतो. पुढचा मुलगा येईपर्यंत महिना-दोन महिने खोली रिकामी राहते. म्हणून हिशेब दहा महिन्यांचा करावा. नोकरदार भाडेकरू असला तरी बदली, रंगरंगोटी, नवा माणूस शोधणं यात वर्षाकाठी एखादा महिना जातोच.

चला, गुरुजींचा हिशेब कागदावर मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपण आपल्या गल्लीचे टाका. फ्लॅटची किंमत धरू ३० लाख. मुद्रांक, नोंदणी आणि किरकोळ कामं मिळून आणखी दोन लाख. म्हणजे गुंतले ३२ लाख. किराया महिना ९ हजार, दहा महिन्यांचे झाले ९० हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च वर्षाचा १२ हजार, महापालिकेचा मालमत्ता कर ५ हजार, नळ-मोटार-रंग यासाठी सरासरी ६ हजार. हातात उरले ६७ हजार. ३२ लाखांवर ६७ हजार म्हणजे शेकडा दोन रुपयांच्या जरा वर. बँकेच्या साध्या मुदत ठेवीतही याच्या तिप्पट सुटतात, आणि ठेवीचा नळ गळत नाही. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाखांपर्यंत वाढवली आणि त्या एप्रिलपासून तिचा व्याजदर ८.२ टक्के ठरला. दर तिमाहीला नवा दर जाहीर होतो, तो पाहून घ्यावा आणि मग तुलना करावी.

"पण साहेब, घराची किंमत वाढते ना?" हा पुढचा प्रश्न. वाढते, नक्की वाढते. पण ती वाढ विकल्याशिवाय हातात येत नाही आणि घर विकायला चार-सहा महिने सहज लागतात. घरातल्या आजारपणाला ते चालत नाही. दुसरं असं की किंमत वाढते ती मुख्यतः जमिनीची. इमारत मात्र दरवर्षी जुनी होते. फ्लॅटमध्ये आपल्या वाट्याला जमीन थोडी आणि इमारत जास्त येते.

मग किरायानं घर द्यायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. माझ्या आईनं आमच्या लातूरच्या घरातल्या दोन खोल्या किरायानं देऊन धाकट्या बहिणीचं शिक्षण पुरं केलं. म्हणून गुरुजींना मी दुसरा हिशेब मांडून दाखवला. त्यांचं स्वतःचं घर होतं, वर गच्ची मोकळी. पाया आणि कॉलम वरचा मजला पेलतील असे आहेत का, हे अभियंत्याकडून तपासून आणि महापालिकेचा बांधकाम परवाना घेऊन वर तीन खोल्या बांधल्या, तर खर्च धरू १२ लाख. एका खोलीत दोन मुलं, प्रत्येकी अडीच हजार. तीन खोल्यांचे महिन्याला १५ हजार, दहा महिन्यांचे दीड लाख. वीज, पाणी, दुरुस्ती, वाढलेला कर यांचे ४० हजार वजा करा. उरले १ लाख १० हजार. १२ लाखांवर हे शेकडा नऊ रुपये झाले. अर्थात यात जागेची किंमत धरलेली नाही, कारण जागा आधीच आपली आहे. आणि यात रोजचं काम आहे. पहाटे पाचला मोटार चालू करा, रात्री अकराला दार लावा, मुलाला ताप आला तर त्याच्या वडिलांना फोन करा. हे बसून खाणं नाही, हा धंदा आहे. ज्याला झेपेल त्यानं करावा.

आता भाडेकरू कोण, हे ओळखणं महत्त्वाचं. लातूर आणि नांदेड जवळजवळची शहरं असली तरी किरायाच्या बाबतीत दोघांचा स्वभाव वेगळा आहे. लातूरचा किराया मुख्यतः विद्यार्थ्यांवर उभा आहे. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी 'लातूर पॅटर्न' उभा केला, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली मुलं झळकली, आणि सबंध मराठवाड्यातून पालक येऊ लागले. पुढे गुणवत्ता यादी गेली, सीईटी आली, मग नीट आली. प्रत्येक वेळी वर्गांचं रूप बदललं, परिसर बदलले, खोल्यांची मागणी या भागातून त्या भागात सरकली. एका परीक्षेवर उभं असलेलं उत्पन्न त्या परीक्षेबरोबर हलतं. राजस्थानातल्या कोटा शहरात २०२४ मध्ये विद्यार्थी घटले आणि कर्ज काढून बांधलेल्या वसतिगृहांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, हे आपण बातम्यांत वाचलं आहे. कोट्यापुढे लातूर लहान आहे, पण गणित तेच आहे.

नांदेडमध्ये शिकवणी वर्ग वाढले आहेत, पण भाडेकरू अधिक तऱ्हांचे मिळतात. विष्णुपुरीला विद्यापीठ, श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २००३ पासून रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे. बँका, सरकारी कचेऱ्या, दवाखाने आहेत. बदलीवर आलेला कर्मचारी दोन-तीन वर्षं राहतो आणि पगारदार असल्यानं किराया वेळेवर देतो. विद्यार्थ्यांपेक्षा उत्पन्न कमी, पण कुलूपही कमी. आपल्याला कुठला भाडेकरू हवा हे आधी ठरवा आणि मग त्याच्या सोयीचं घर शोधा. आपल्याकडे उलट होतं. स्वस्त मिळाला म्हणून फ्लॅट घेतात आणि मग त्याला भाडेकरू शोधतात.

भाडेकरू ठरला की जागा तपासायची. त्यात पहिली गोष्ट पाणी. लातूरकरांना हे सांगायला नको. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात ज्या घरमालकाकडे स्वतःचं पाणी होतं त्याची खोली टिकली. बाकीच्यांचा किराया टँकरमध्ये गेला. म्हणून घर पाहायला पावसाळ्यात जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये जा. शेजारच्या बाईला विचारा, नळ किती दिवसांनी येतो, बोअर कधी आटतो, टँकर किती पडतात. ती जे सांगेल ते विकणारा कधीच सांगणार नाही. जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरच्या पाण्याचं पुनर्भरण याला सुरुवातीलाच खर्च करा.

नांदेडला उलटा प्रश्न असतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले आणि गोदावरी चढली की नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. प्लॉट उन्हाळ्यात छान कोरडा दिसतो. तो निळ्या किंवा लाल पूररेषेत येतो का, हे महापालिकेच्या नकाशावर पाहून घ्या. विकास आराखड्यात त्यावर रस्ता किंवा आरक्षण आहे का, तेही पाहा. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्याआधी नांदेडचे रस्ते रुंद झाले. शहराचं भलं झालं, पण रस्ता मोठा होतो तो कोणाच्या तरी अंगणातूनच. ज्यानं आराखडा पाहिला होता त्याला ते आधी ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट कागद. इथे मी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझे वडील शिक्षक होते. त्यांनी १९९४ मध्ये नांदेडच्या बाहेर एक प्लॉट घेतला. तीस बाय चाळीसचा. मध्यस्थ ओळखीचा होता. बॉण्डवर लिहून दिलं, दोन साक्षीदार, अंगठे, सह्या. खरेदीखत 'पुढच्या महिन्यात' होणार होतं. तो पुढचा महिना आलाच नाही. नंतर कळलं की जमीन मूळची इनामाची, शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. सर्वे नंबर खरा होता, चतुःसीमा खऱ्या होत्या, फक्त विकणाऱ्याला विकायचा हक्क नव्हता. वडील दर रविवारी सायकलवर जाऊन तो प्लॉट बघून यायचे. कडेला त्यांनी दोन लिंबाची झाडं लावली होती. २००३ मध्ये ते गेले. तो बॉण्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्यांच्या अनेक वर्षांच्या शिलकीचा तो कागद आहे, म्हणून फेकवत नाही.

तेव्हा, मंडळी, मराठवाड्यात जमिनीचा कागद पाहताना थोडं जास्त खोल जावं लागतं, कारण आपल्या जमिनींना निजामी राजवटीचा इतिहास आहे. इनाम, मदतमाश, देवस्थान, वक्फ, कुळ अशा अनेक तऱ्हा आहेत. सातबारावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे आधी पाहा. वर्ग २ असेल तर तिथेच थांबा आणि तहसीलमध्ये विचारा. अशा काही जमिनींसाठी शासनानं नजराणा भरून नियमित करण्याची सोय केली आहे, पण ते काम विकणाऱ्यानं आधी करावं, आपण नंतर नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, वारसाचा हक्क किंवा कोर्टाचा दावा लिहिलेला असतो. तो रकाना न वाचता सातबारा पाहणं म्हणजे पत्रिकेतलं फक्त नाव वाचणं. जुने फेरफार काढा. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा. अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन यांच्या नकला घ्या. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागा. 'होऊन जाईल' हा शब्द प्रमाणपत्र नव्हे. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यायला काही हजार लागतात. ते वाचवायला गेलं की लाख जातात.

फ्लॅट घेणार असाल तर १ मे २०१७ पासून महारेराची सोय आहे. जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी क्रमांकाशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहा. किंमत चटई क्षेत्रावर ठरवा, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. कायदाच तसं सांगतो.

प्रकल्पांच्या नावावर प्लॉट विकणाऱ्यांपासूनही जपा. २०१८ मध्ये लातूरला रेल्वे डबे कारखान्याचं भूमिपूजन झालं. अशा बातमीचं कात्रण दाखवून पाच-सात किलोमीटरवरचं शेत प्लॉट म्हणून विकणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. कारखाना खरा असतो. आपल्या प्लॉटपर्यंत त्याचा कामगार राहायला येईल की नाही, हे खरं असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट कर्ज. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता येतो सुमारे १७ हजार ३५० रुपये. किराया येतो ९ हजार. राहिलेले सुमारे ८ हजार ३५० रुपये दरमहा आपल्या खिशातून, आणि कुलूप असेल त्या महिन्यात सगळा हप्ता खिशातून. माझा बँकेतला नियम मी आजही सांगतो. किराया शून्य धरून सहा महिने हप्ता भरता येईल एवढी रक्कम बाजूला असेल तरच कर्ज काढा. निवृत्तीनंतर मुलाला सहकर्जदार करून हप्ता त्याच्या गळ्यात बांधू नका. त्याचं स्वतःचं घर व्हायचं असतं.

उत्पन्नावर करही लागतो. किरायातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर दुरुस्तीसाठी सरसकट तीस टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही होवो. म्हणून किराया लपवण्यात शहाणपण नाही. बँकेतून घ्या, पावती द्या.

आता करारनामा. आपल्या जुन्या मंडळींत एक भीती आहे, 'घर किरायानं दिलं की गेलं.' ही भीती उगाच नाही. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा भाडे नियंत्रण कायदा होता. त्या काळात भाडेकरूला बाहेर काढताना पिढी सरायची. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सगळ्या राज्याला लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमानं भाड्याचा किंवा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. शंभर-पाचशेच्या बॉण्डवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं आपण समजतो. तसं होत नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. नोंदला नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते.

खर्च म्हणाल तर फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या चौथाई टक्का, त्यात अनामतीवरचं मानीव व्याज मिसळायचं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. हे कामही घरबसल्या ऑनलाइन होतं. करार नोंदलेला असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तोवर दुप्पट शुल्क मागता येतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. मात्र भांडण झालं म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. तोही गुन्हा आहे, आणि तो आपल्या हातून होतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. तेव्हापासून आपल्या भागातल्या माणसाला ठाऊक आहे की छप्पर राखतं तसं मारतंही. आपण किरायानं खोली देतो तेव्हा दुसऱ्याचं लेकरू आपल्या छताखाली झोपतं. म्हणून पाया न तपासता वर मजला चढवू नका. जिन्यात गॅसच्या टाक्या आणि गाड्या लावून वाट अडवू नका. दहा मुलांच्या गिझर-शेगडीला जुनी वायर पुरणार नाही, ती बदला. दहा बाय दहाच्या खोलीत चार कॉट कोंबू नका. खिडकी ठेवा. हा खर्च हिशेबात सुरुवातीलाच धरा. यात वाचवलेला पैसा कधी ना कधी फार महाग पडतो, आणि तो आपल्याला पडत नाही.

माझी आई खोली देताना पोराच्या वडिलांना एकच सांगायची, "किराया उशिरा दिलात तर चालेल, पण पोराला आठवड्याला फोन करा." तेव्हा मला वाटायचं, हिला धंदा कळत नाही. आमच्या खोल्या मात्र क्वचितच रिकाम्या राहिल्या. गावी गेलेला मुलगा जाताना धाकट्या भावासाठी, मामेभावासाठी खोली सांगून जायचा. पाटी लावावी लागली नाही, दलाल लागला नाही. रिकाम्या महिन्यांवर तिनं काढलेला हा उपाय होता, आणि तो माझ्या बँकेच्या कुठल्याही तक्त्यात नव्हता.

त्या गुरुजींचं काय झालं, असं आपण विचाराल. त्यांनी फ्लॅट घेतला नाही. बरेच पैसे ठेवीत टाकले आणि गच्चीवर तीन नाही, दोनच खोल्या बांधल्या. पहिल्या वर्षी एक खोली ऑगस्टपर्यंत रिकामी राहिली. मला भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, दोन महिने कुलूप होतं." मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मग काय, मोजलेलं होतं की."

श्रोतेहो, घर घ्या, खोल्या बांधा, किरायानं द्या. फक्त सुरुवात लहान करा आणि सुरुवातीलाच तेवढं मोजून ठेवा.